६ए ते ६बी: अडलं कुठे आणि सुटलं कसं

“पुलअप किती मारतेस?” क्लायंबिंगच्या भिंतीवर ओव्हरहँगवरून, म्हणजे अंगावर झुकलेल्या भागावरून, हात सुटून खाली आलं की भिंतीखालचा कुणी ना कुणी दादा हे विचारतोच. मग बारला लटक, हँगबोर्ड (बोटांनी लटकायची फळी) घे, दंड कमव. कंबर भिंतीपासून किती लांब होती, पायाच्या कुठल्या भागावर उभी होतीस, हे विचारणारं माणूस विरळाच. त्या सल्ल्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आठाची गाठ, बिले (खालून दोर सांभाळणं), टॉप रोप (वरून येणाऱ्या दोरावर चढणं), अवघडपणा मोजणाऱ्या फ्रेंच ग्रेडमधले ५ आणि ६ए यांत सांगण्यासारखं फार काही नाही. उभ्या भिंतीकडे तोंड करून, दोन्ही गुडघे बाहेर काढून, हात-पाय आळीपाळीने वर नेत तिथवर जाता येतं. ६बीच्या आसपास भिंत अंगावर यायला लागते, होल्ड, म्हणजे हातापायांचे आधार, आडवे न राहता बाजूला वळतात आणि तीच पद्धत चालेनाशी होते. इथे पुष्कळ जण वर्षानुवर्षं अडकतात. आणि अडकले की ताकदीच्या मागे लागतात.

अडण्याचं कारण साधं आहे. स्लॅबवर, म्हणजे मागे कललेल्या भिंतीवर, कंबर पायांच्या वर असते, वजन आपोआप पायांत उतरतं. तिथे भिंतीला चिकटणंच चुकीचं, कारण मग पाय निसटतात. अंगावर येणाऱ्या भिंतीवर उलटं. कंबर भिंतीपासून जितकी लांब, तितका हातांवर भार जास्त. समोर तोंड करून चढताना मांड्या आणि गुडघे आड येतात, कंबर भिंतीला लागूच शकत नाही. मग दंड वाकतात, वजन दंडावर येतं आणि पाच-सहा हालचालींत हात भरून येतात. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातला रक्तपुरवठा दबतो. तिथे कितीही पुलअप मारणारा माणूस टिकत नाही, फक्त दोन होल्ड वर जाऊन पडतो.

यावर उपाय कंबर फिरवणं. उजवा हात वर न्यायचा असेल तर उजवा कुल्ला भिंतीकडे वळवायचा. डावा हात सरळ, कोपर न वाकवता होल्डवर. उजवा पाय बुटाच्या बाहेरच्या कडेवर, म्हणजे करंगळीच्या बाजूवर. डावा पाय अंगठ्याच्या आतल्या कडेवर. आता दोन्ही पायांनी रेटत कंबर वर सरकवली की उजवा खांदा भिंतीच्या जवळ येतो आणि हात मघापेक्षा चांगलाच लांब पोचतो. उंची तीच, हात तेवढाच.

हे ऐकायला सोपं वाटतं. जमत का नाही, याची कारणं मात्र ठरलेली आहेत. सगळ्यात मोठं कारण पाय. तळव्याच्या मध्यावर होल्ड घेतला की पाय फिरत नाही, पाय फिरला नाही की गुडघा फिरत नाही, आणि कंबर तिथेच अडते. होल्डवर फक्त बुटाचं टोक हवं, अंगठ्याखालचा भाग. त्यावर टाच हलवून पाय वळवता आला पाहिजे. दुसरं कारण वाकलेला दंड. कोपर आवळलेलं असताना खांदा मोकळा फिरत नाही. तिसरं, क्रम. बहुतेक जण आधी होल्ड पकडतात आणि मग वळतात. त्यात सगळा फायदा गेला. आधी पाय, मग कंबर, शेवटी हात.

दारासारखं अंग उघडणं हा यातलाच दुसरा अडथळा. डावा हात आणि डावा पाय असे एकाच बाजूचे दोन टेकू असले की उजवा हात सोडताच अख्खं अंग बाहेर फिरतं, जणू डावी बाजू बिजागरी आहे. पहिली सवय पाय बदलण्याची असते. लहानशा होल्डवर पाय बदलणं म्हणजे हातांवर आणखी चार सेकंद. त्याऐवजी फ्लॅग करायचा: मोकळा उजवा पाय डाव्या पायाच्या मागून डावीकडे ताणायचा आणि बोटं भिंतीला नुसती टेकवायची. वजन पलीकडे गेलं की अंग थांबतं. काही ठिकाणी हाच पाय पुढून, भिंत आणि उभा पाय यांच्या मधून घालणं सोयीचं पडतं. कुठे कुठलं चालेल हे होल्ड किती उंच आहे त्यावर ठरतं, दोन्ही करून बघावेत. डावा हात आणि उजवा पाय असे तिरपे टेकू असले तर मोकळा डावा पाय डावीकडेच पसरायचा, हे सगळ्यात सोपं.

सराव कसा करायचा? आपल्या ग्रेडपेक्षा दोन पायऱ्या सोपा रूट (चढायचा मार्ग) घ्यायचा, वॉर्मअप झाल्यावर लगेच, अंग ताजं असताना, वीसेक मिनिटं. नियम एकच: एक कुल्ला भिंतीला लागल्याशिवाय हात सुटणार नाही. त्यात भर म्हणून, पुढच्या होल्डपर्यंत हात नेऊन तो पकडायचा नाही, वर तीन सेकंद नुसता धरून ठेवायचा. तोल चुकला असेल तर तीन सेकंदांत कळतंच. आधी उभ्या भिंतीवर, मग १०-१५ अंशांवर, मग ३०. ज्यांना घाई असते ते थेट ३० अंशांवर जातात आणि तिथे पुन्हा दंडाने ओढायला लागतात.

ड्रॉप नी करताना सावध. गुडघा आत आणि खाली वळवायचा असतो, पण वळण खुब्यातून आणि पायाच्या टोकावरून यायला हवं. पाय होल्डवर घट्ट रुतलेला आणि नुसता गुडघा पिळलेला, अशा स्थितीत जोर लावला तर गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट किंवा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची चकती) दुखावतो. कळ आली की सोडायचं, रूट कुठे पळून जात नाही.

पायाचं राहिलंच. होल्डवर पाय टेकेपर्यंत नजर तिथेच हवी. शेवटच्या क्षणी नजर वर जाते आणि पाय दोन सेंटिमीटर चुकतो. भिंतीवर बूट आपटल्याचा आवाज येतोय म्हणजे नजर आधीच निघाली. आवाज न करता अख्खा रूट चढणं हा सराव कंटाळवाणा आहे, पण कंबर फिरवण्याच्या आधी हाच करावा. बूट संध्याकाळी घ्यायला जावं, पाय थोडे सुजलेले असतात. बोटं किंचित वाकलेली, पण उभं राहताना डोळ्यांत पाणी नको.

आपल्या हवेचं वेगळंच. जून ते सप्टेंबर बाहेरचा कातळ ओला आणि शेवाळलेला, त्यामुळे भिंतीवरच दिवस काढायचे. तिथेही इतका दमटपणा की हातांना लावायच्या चॉकच्या पावडरचा चिखल होतो. आधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, लिक्विड चॉकचा एक थर, तो वाळल्यावर वरून पावडर. होल्ड ब्रशने घासावेत. बूट घालून बाथरूमपर्यंत फिरून आलेले लोक भिंतीवर उभे राहतात तेव्हा रबरावर धूळ असते. रबर ओलं करून तळहाताने चूं आवाज येईपर्यंत चोळलं की पकड परत येते. दमट दिवशी ग्रेड पडला तर ताकद गेली असं समजून हँगबोर्डकडे धावू नये.

हँगबोर्डबद्दल माझा सूर कडवट आहे, तो असू दे. बोटांच्या पुली, म्हणजे स्नायुरज्जू हाडाशी धरून ठेवणारे पट्टे, हळूहळू तयार होतात, स्नायूंपेक्षा फारच हळू. बोटं पूर्ण दुमडून, अंगठा वरून दाबून फुल क्रिंप करताना बोटाच्या मुळाजवळच्या ए२ पुलीवर सगळ्यात जास्त ताण येतो. चढायला लागल्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तिथे वजन टांगू नये, वाढत्या वयाच्या मुलांनी तर नाहीच, कारण त्यांच्या बोटांची वाढीची टोकं दुखावतात. चढताना शक्य तिथे ओपन (बोटं जवळपास सरळ) किंवा हाफ क्रिंप (अर्धी दुमडलेली).

विश्रांतीचंही सांगते. कठीण प्रयत्नानंतर तीन ते पाच मिनिटं थांबावं. टॉप रोपच्या रांगेत हे आपोआप होतं. शनिवार-रविवारी तर पाचाची पंचवीस होतात आणि अंग गार पडतं. बोल्डरिंगमध्ये, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढताना, मात्र कुणी थांबत नाही. रूटवर मोठा होल्ड मिळाला तर एक हात खाली सोडून झटकायचा, मग थोडा वेळ वर, पुन्हा खाली. दुसरा दंड सरळच.

लीड करताना, म्हणजे दोर खालून सोबत नेत वाटेतल्या बोल्टांत अडकवत चढताना, पडण्याची भीती असली की माणूस होल्ड गरजेच्या दुप्पट जोराने आवळतो आणि कंबर फिरवणं विसरतो. त्यामुळे पडण्याचा सराव हाही तंत्राचाच भाग. चौथ्या-पाचव्या बोल्टच्या वर, अनुभवी बिलेअरसोबत, आधी क्लिप (दोर अडकवलेली जागा) कमरेशी असताना, मग गुडघ्याशी, मग पायाशी. दोर कधीही पायाच्या मागे नको, नाहीतर पडताना उलटं व्हाल. आणि डोक्यावरच्या बोल्टसाठी दोर ओढून धरण्यापेक्षा कमरेपर्यंत चढून क्लिप केलेलं बरं: दोर ओढलेला असताना सुटलात तर तो सगळा ढिला दोर पडण्यात जमा होतो.

नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ ला बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला होता. अशा स्पर्धांचे व्हिडिओ बघताना बहुतेकांची नजर हातांवर असते. एकदा आवाज बंद करून फक्त कंबर बघा. हात निघण्याच्या आधी ती कुठे जाते तेवढंच.

बाहेर, मुंब्र्याच्या किंवा बेलापूरच्या कातळावर, पायाचे होल्ड रंगवलेले नसतात, म्हणून खालून आधी पायांचेच होल्ड शोधायचे, हातांचे नंतर. आपला बेसॉल्ट कडेला धारदार असतो, पण काही तुकडे सुटे असतात. वजन देण्याआधी हाताच्या बुक्कीने ठोकायचं. पोकळ आवाज आला तर तो होल्ड सोडायचा आणि खालच्यांना बाजूला व्हायला सांगायचं. हेल्मेट बिलेअरनेही घालावं. इथल्या खाऱ्या दमट हवेत बोल्ट गंजतात. बोल्टखाली तांबडा ओघळ दिसला किंवा हँगर (बोल्टवरची धातूची पट्टी) हाताने फिरला तर त्यावर लीड करू नये, वरून टॉप रोप लावता येतो का ते बघावं.