रोहितांच्या माना

रविवार, ८ फेब्रुवारी. रात्री ११.

पक्ष्यांचे फोटो काढून भिगवणहून दुपारी परतलो. चिखलाने माखलेले बूट अजून दाराशीच पडलेत, पण आधी हे लिहून काढतो.

दोन महिने डोक्यात एकच घोळ चाललाय: कॅमेऱ्याची बॉडी बदलायची की लेन्स? निकॉनची डी७२०० बॉडी आणि ७०-३०० मिमीची लेन्स ही जोडी सहा वर्षं वापरतोय. साठवलेल्या पैशांत सेकंडहँड डी५०० बॉडी येईल, नाहीतर २००-५००ची लेन्स. दोन्ही नाही.

डी५००चा मोह मोठा. सेकंदाला १० फ्रेम, माझ्या बॉडीला ६. फोकस पॉइंट ५१ ऐवजी १५३. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) माझा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत धरून ठेवणारी मेमरी, १८ फोटोंत भरतो आणि नदी सुरय पक्षी मासा घेऊन पाण्यातून वर येतो नेमका तेव्हाच कॅमेरा अडतो. डी५००चा बफर २०० फोटोंपर्यंत पुरतो. उडत्या पक्ष्यांसाठी हीच हवी, असं महिनाभर पक्कं वाटत होतं.

काल रात्री मात्र गेल्या हिवाळ्यातले वाया गेलेले फोटो उघडले आणि एकेकापुढे कारण लिहीत गेलो. फोकस चुकलेले होतेच. पण त्याहून जास्त फोटोंत फोकस बरोबर, पक्षी मात्र इवलासा. कापून मोठा केला की पिसांचा नुसता लगदा. बॉडी बदलून तो जवळ येणार नाही. दोन्हींचा सेन्सर सारख्याच आकाराचा, उलट डी५००चे मेगापिक्सेल २०.९ आणि माझे २४.२. ३००वरून ५००वर गेलं तर तोच पक्षी चौकटीत पावणेतीन पट जागा व्यापतो.

तरी खरा निर्णय झाला तो आज सकाळी, कुंभारगावच्या होडीत. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उथळ पाण्यात माना खाली घालून, चोची उलट्या धरून चरत होता. मी सवयीने होडीवाल्या मामांना म्हणालो, "मामा, अजून थोडं पुढं घ्या." मामा हळूच म्हणाले, "घेतो साहेब, पण माना बघा." एकेक मान वर येत होती. चरणं थांबलं होतं. होडी आणखी थोडी सरकली, तसे सगळे आधी चालायला लागले, मग धावायला, आणि पाण्यावर पाय आपटत उडाले.

त्या उडण्याचे फोटो चांगले आलेत. पण ते बघताना आत कुठेतरी टोचत राहिलं. पक्षी उजनीच्या पाण्यावर येतात ते पोट भरायला. माझी लेन्स आखूड, म्हणून त्यांनी घास सोडून उडायचं?

तेव्हा २००-५००. वजन २.३ किलो, होडीत हातात धरूनच फोटो काढावे लागणार. सिंहगडाच्या दरीतल्या सावलीत तिचा उपयोग बेताचाच. प्रकाश आत घेणारं छिद्र (अ‍ॅपर्चर) माझ्या लेन्सला ३००वरही ५.६ आणि हिलाही ५.६च. आणि लांबून फोटो काढायचा म्हणजे मध्ये हवा जास्त. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि कुठल्याच लेन्सचं काही चालत नाही. म्हणजे पुण्यातून पहाटे चारलाच निघायचं.

उद्या विकणाऱ्याला फोन करायचा. टॉर्च मारून काचेत बुरशी नाही ना ते बघायचं, झूमची रिंग फिरवून बघायची. पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे हंस) मार्चमध्ये परत जायला लागतील. त्याआधी एकदा मामांच्या होडीत बसायचंय, आणि या वेळी माना खाली असतानाच थांबायचंय.