पैलवानाचं क्रिएटिनिन आणि मावशींची लघवी
मंगळवार पेठेत एका छोट्या लॅबला मी टेक्निशियन आहे, १२ वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी मायलेक आले, पोरगा २६ चा, तालमीतला, दार भरून जाईल असलं अंग, आणि आई नुसती काडी, जेमतेम ४० किलो. आईला ११ वर्षं शुगर, दर सहा महिन्याला क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बघायची रक्ताची तपासणी, करायला यायच्या. त्यादिवशी म्हणाल्या, "ह्याचंबी करा दादा, मैदानं सुरू व्हायच्या आदी एकदा सगळं बघून घेतो."

दुपारी रिपोर्ट निघाले. पोराचं १.४, रेंजच्या वर. आईचं ०.८, नॉर्मल. मावशींचं तोंड पांढरं पडलं, "आवं, माझी शुगर पोराच्या किडनीला लागली व्हय?"

मी म्हटलं थांबा मावशी, क्रिएटिनिन तयार होतं स्नायूतनं. हा रोज शेकड्यानं जोर-बैठका मारतो, मटण खातो, वर डब्यातली क्रिएटिन पावडर पितो, मग आकडा वर जाणारच की. तरी अंदाजावर सोडायचं नाही म्हणून डॉक्टरांना विचारून सिस्टॅटिन सी, म्हणजे किडनीचीच दुसरी रक्ताची तपासणी, बाहेर पाठवलं, त्याला स्नायूंचा फारसा फरक पडत नाही. ते दोन दिवसात नॉर्मल आलं, विषय संपला.

पण हे त्याला समजावतानाच माझ्या पोटात गोळा आला. स्नायू जास्त म्हणून आकडा जास्त, तर मग अंगावर मांसच नसलेल्या बाईचा आकडा खरा किती धरायचा? आणि तसंही किडनीचं जवळजवळ अर्धं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलमध्ये राहू शकतं. मी कॉम्प्युटरवर त्यांचे जुने रिपोर्ट काढले. ०.७, ०.८, ०.७, ०.८. लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, एकदाही नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, किडनीची गाळणी बिघडली की लघवीत पाझरतं. साध्या लघवीत प्रोटीन निल, पण ती पट्टी थोडंसं अल्ब्युमिन पकडतच नाही. आणि मागच्याच वर्षी मी स्वतः त्यांना म्हटलेलं, "मावशी किडनी एकदम ओके, काळजी करू नका." ते वाक्य अजून टोचतं मला.

टाईप २ शुगर ज्यादिवशी कळते त्यादिवसापासून वर्षातनं एकदा एसीआर करायचा असतो. मशीन आमच्याकडंच होतं, फॉर्मवर कुणी लिहिलं नाही म्हणून आम्ही केलं नाही. डॉक्टरांना फोन लावला, ते लगेच म्हणाले करा.

दुसऱ्या दिवशी मावशी सकाळची पहिली लघवी घेऊन आल्या. पैलवान म्हणाला माझीबी घ्या, पण तो तालमीतनं घाम पुसत आलेला, दणकून व्यायाम झाला की अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं, त्याला म्हटलं विश्रांतीच्या दिवशी ये.

मावशींचा आकडा आला १८६. ३० च्या आत पाहिजे, ३०० च्या वर गेलं की प्रकरण पुढं गेलेलं. म्हणजे गाळणी पाझरायला लागलीय पण अजून हातात आहे. एनगॅल, किम-१ असल्या किडनीची इजा दाखवणाऱ्या नव्या मार्करवर लई संशोधन चाललंय, आमच्यासारख्या लॅबपर्यंत ते येतील तेव्हा येतील, पण हा कपभर लघवीचा एसीआर आजच सगळीकडं होतोय आणि तरी तो लिहिला जात नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तरी वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यात तीनपैकी दोन तरी वाढलेले लागतात. मावशींना ना ताप ना जळजळ. दुसरं सॅम्पल १७१. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून किडनी जपणारी दिली, मीठ-लोणचं कमी करायला लावलं.

मावशी काउंटरवर हळूच म्हणाल्या, "पोराला घेऊन आलो म्हणून माझं सापडलं बगा." मला काय बोलावं सुचेना, मी नुसतं पुढची तारीख लिहून दिली. तिसरं सॅम्पल येत्या सोमवारी आहे.