आमची वाटचाल: टनेजच्या पलीकडे

कोल्हापुरात एक फौंड्रीवाला, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखानदार, दुसऱ्याला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "महिन्याला किती टन?" शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीचा हिशेबही वर्षानुवर्षे त्याच आकड्यावर चालला. ट्रॅक्टरची जड, साधी कास्टिंग्ज (ओतीव भाग) होती तोवर तो पुरेसाही होता. पुढे पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडी मशिनिंग करूनच, म्हणजे मशीनवर अचूक मापात कापूनच, द्यायच्या, असं धोरण आम्ही ठरवलं. या कामात भिंती पातळ, कोअर (आतली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) जास्त, वजन कमी. म्हणजे धोरण जितकं साधेल तितकं टनेज उतरणार. मग प्रगती बघायची कशात?

टनेजच्या आलेखाखाली, तेच महिने धरून, किलोमागे मिळणाऱ्या रकमेचा दुसरा आलेख काढला. एकाच चौकटीत डावीकडे टन, उजवीकडे रुपये असे दोन अक्ष घेणं मुद्दाम टाळलं. अक्ष थोडा ताणला की रेषा हव्या तिथे छेदतात आणि नसलेला संबंध दिसायला लागतो. आता बँकेच्या साहेबांपुढे दोन्ही आलेख ठेवले की टनेज का उतरलं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

रिजेक्शनला, म्हणजे नापास मालाच्या टक्केवारीला, लाल-पिवळा-हिरवा रंग द्यावा, असा ऑफिसातल्या काहींचा आग्रह होता. ग्राहकांच्या पुरवठादार पत्रकात तसंच असतं. पण रंगातून आजची स्थिती कळते, दिशा कळत नाही. साच्यांची वाळू तयार करणाऱ्या आमच्या सँड प्लांटचे जुने सुपरवायझर म्हणाले, "साहेब, काल अर्धा टक्का वाढलं म्हणून आज वाळूत हात घालायचा काय?" अगदी याच प्रश्नासाठी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली, वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोन उपकरणांच्या कंपनीत असताना, कंट्रोल चार्ट मांडला. मध्ये सरासरीची रेषा, वर-खाली मर्यादेच्या रेषा. मर्यादेच्या आतली चढउतार प्रक्रियेच्या अंगचीच असते, तिच्यामागे धावायचं नाही. बिंदू बाहेर गेला किंवा सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, की कारण शोधायचं. आमच्याकडच्या पावसाळ्यात कोअर ओल धरतात आणि ब्लो होल, म्हणजे वायूमुळे धातूत पडणारी छिद्रं, वाढतात. ते या चार्टवर फार स्वच्छ दिसतं. हा चार्ट आम्ही कागदावरच ठेवलाय. शिफ्टचे सुपरवायझर स्वतः पेनाने बिंदू मारतात, आणि ज्याने बिंदू मारला तोच कारणाचा विचार करायला लागतो. म्हणून तो संगणकावर न्यायला माझा आजही विरोध आहे.

ऑफिसात पॉवर बीआय हे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. तिथे वेळेवर डिस्पॅच, मशिनिंग केलेल्या मालाचा वाटा अशा मापांसाठी गोल काटेवाले मीटर न घेता आलेख-तज्ज्ञ स्टीफन फ्यू यांचे बुलेट ग्राफ घेतले. एका आडव्या पट्टीत प्रत्यक्ष आकडा, लक्ष्याची उभी खूण आणि मागे बरं-वाईट सांगणाऱ्या छटा. माणसाचा डोळा कोनापेक्षा लांबी अचूक ताडतो, हे संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलंय. पाय चार्ट आम्ही त्याच कारणाने घेतला नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे, धोरणाचा नकाशा. कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या बॅलन्स्ड स्कोअरकार्डचे (पैशांबरोबर ग्राहक, आतलं काम आणि शिकणंही मोजण्याच्या पद्धतीचे) चार थर त्यात खालून वर जातात: कोअर शॉपमधलं प्रशिक्षण, त्यातून कमी रिजेक्शन, त्यातून वेळेवर माल, त्यातून मशिनिंगच्या नव्या ऑर्डरी आणि किलोमागे जास्त पैसे. प्रत्येक बाण हा आमचा अंदाज आहे आणि तो आकड्यांनी खरा ठरायला हवा. नकाशात ज्याला जागा नाही, त्याचा आलेख काढायचा नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. छोट्या कारखान्यात आलेख बघायला वेळच मोजका असतो.

सध्या नकाशात एक नवा चौकोन येतोय. मशिनिंगमुळे माल आमच्याकडे जास्त दिवस थांबतो, पैसाही तितकाच अडकतो. मालात अडकलेल्या रकमेचा आलेख या तिमाहीपासून किलोमागच्या रकमेच्या खाली लागेल, महिने तेच धरून.