घरचा क्लस्टर: पायआयसीयू अखेर तिन्ही मशीनवर चालू

मराठी विकिपीडियाच्या डंपमधून (सगळ्या लेखांचा एकगठ्ठा मजकूर) शब्दयादी काढायचं काम एक मोठा टप्पा पार करून गेलंय. यादी आता खऱ्या मराठी वर्णक्रमाने लागते, आणि क्रम लावणारी लायब्ररी, पायआयसीयू, क्लस्टरमधल्या (एकत्र काम करणाऱ्या) प्रत्येक मशीनवर चालते. मधल्या वाटेत बरंच काही कळलं, ते ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

सेटअप असा. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले तीन जुने डेस्कटॉप, गिरगावातल्या घरी, त्यांवर स्पार्क ३.५ (मोठं काम अनेक मशीनवर वाटून करणारं सॉफ्टवेअर), स्टँडअलोन मोडमध्ये, म्हणजे स्पार्कच्या स्वतःच्याच व्यवस्थापकावर. ड्रायव्हरच्या, म्हणजे काम वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मशीनवर उबुंटू २२.०४ आहे आणि तिथेच एक वर्करही, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅमही, चालतो. उरलेल्या दोन वर्करवर डेबियन १२; दोन्ही लिनक्सचेच प्रकार. ही सरमिसळ पुढे महत्त्वाची ठरते.

मुळात बाहेरची लायब्ररी लागलीच का? स्पार्क ३.५ चं सॉर्टिंग यूटीएफ-८ च्या बाइट्सवर, म्हणजे अक्षरं साठवलेल्या कोडच्या आकड्यांवर, चालतं. युनिकोडमध्ये 'ळ' बसलाय 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी. 'क्ष' हे स्वतंत्र अक्षरच नाही. तो क, हलन्त आणि ष असा जोडून बनतो, त्यामुळे 'क्षमा' जाऊन बसते 'क'च्या घरात. पहिली यादी छापून खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवली. काका मुद्रितशोधक होते, उभा जन्म प्रुफं तपासण्यात गेलेला. त्यांनी पान उलटायच्या आतच बोट ठेवलं. "अगं, 'काल'नंतर 'काळ' आणि मग 'कावळा'? 'ळ' 'ह'च्या नंतर येतो. आणि 'क्ष', 'ज्ञ' कुठे गेले?" मला हवा होता तो नेमका हाच निकष. आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या मराठी नियमांत ह, ळ, क्ष, ज्ञ हाच क्रम दिलेला आहे, आणि पायथॉनमधून तो पायआयसीयूने वापरता येतो.

ड्रायव्हरवर पिपने (पायथॉनचा पॅकेज-इन्स्टॉलर) पायआयसीयू बसवलं, यूडीएफ (स्पार्कने चालवायचं स्वतःचं फंक्शन) लिहिला, काही तक्रार नाही. स्पार्क आळशी आहे, निकाल मागेपर्यंत काही चालवत नाही, त्यामुळे यूडीएफ लिहिताना काहीच कळत नाही. खरी परीक्षा ॲक्शन (निकाल मागणारी आज्ञा) चालवल्यावर. तिथे वर्करकडून मॉड्यूल सापडत नसल्याची एरर आली. कारण समजून घेण्यासारखं आहे. मुख्य स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं फंक्शन क्लाउडपिकल ही लायब्ररी अख्खं गुंडाळून (पिकल करून) वर्करकडे पाठवते. पण त्या फंक्शनमध्ये इंपोर्ट केलेल्या लायब्ररीचं फक्त नाव जातं. त्या नावाने वर्करवर काही मिळालं तर ठीक, नाही तर जॉब तिथेच आडवा.

स्पार्कच्या पाय-फाइल्स पर्यायाने झिप पाठवता येते, आणि शुद्ध पायथॉन लायब्ररीला तेवढं पुरतं. पायआयसीयूमध्ये मात्र कंपाइल केलेली एसओ फाइल (थेट मशीनचा कोड) आहे, आणि ती झिपच्या आतून लोड होत नाही. म्हणजे अख्खं एन्व्हायर्नमेंट, लायब्ररींचा पूर्ण संच, पाठवायला हवं.

आधी असा गठ्ठा बांधणाऱ्या व्हेन्व्ह-पॅक या साधनाने करून पाहिलं. त्याच्या गठ्ठ्यात पायथॉनचा इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्रॅम) येत नाही, वर्करवरचाच वापरला जातो. उबुंटू २२.०४ वर पायथॉन ३.१० आणि डेबियन १२ वर ३.११. ड्रायव्हर आणि वर्कर यांची मायनर आवृत्ती वेगळी असली की पायस्पार्क (स्पार्कची पायथॉन बाजू) स्पष्ट नकार देतं. पण समजा ते जुळवलं, तरी खाली अजून एक थर आहे. पिपने कंपाइल केलेलं पायआयसीयू सिस्टिममधल्या आयसीयूला जोडलेलं असतं. ड्रायव्हरवर ती ७० आवृत्ती, डेबियनवर ७२. एसओ फाइल डेबियनवर नेऊन तिच्यावर एलडीडी (फाइलला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा) चालवलं, तर आयसीयूच्या ७० आकड्याच्या प्रत्येक फाइलपुढे 'नॉट फाउंड'. माझ्या मते हे एलडीडी प्रत्येकाने एकदा तरी चालवून बघावं. पायथॉनची एरर दाखवते त्याच्या दोन मजले खाली खरी अडचण असते, आणि ती इथे उघडी पडते.

मग कोंडा-पॅक, कोंडा या पॅकेज-व्यवस्थेचं गठ्ठा बांधणारं साधन. कोंडा-फोर्ज या पॅकेज-भांडारात आयसीयू हे स्वतःच एक पॅकेज आहे, त्यामुळे इंटरप्रिटर, पायआयसीयू आणि खालची सी++ लायब्ररी असं सगळं एकाच टार फाइलमध्ये येतं. पँडाज आणि पायॲरो या लायब्ररीही त्यातच घातल्या, कारण पँडाज यूडीएफला (बॅचने चालणारा यूडीएफ) दोन्ही लागतात. नोटबुकची पॅकेजेस काढून टाकली, गठ्ठा बराच हलका झाला. ही फाइल स्पार्कच्या आर्काइव्हज पर्यायात दिली, हॅशच्या पुढे फोल्डरचं नाव लिहिलं, आणि वर्करसाठी पायथॉनचा पत्ता त्या फोल्डरच्या आतला दिला. स्टँडअलोन मोडमध्ये ही सोय स्पार्क ३.१ पासून आहे. क्लायंट मोडमध्ये (जॉब सुरू केला त्याच मशीनवर ड्रायव्हर चालतो तेव्हा) ड्रायव्हरचा पायथॉन वेगळा सांगावा लागतो, तोही त्याच कोंडा एन्व्हायर्नमेंटमधला दिला की आवृत्तीचा प्रश्नच मिटतो.

कोलेटर, म्हणजे क्रम ठरवणारा आयसीयूचा भाग, हा आतून सी++ ऑब्जेक्ट, तो पिकल होत नाही. म्हणून तो ड्रायव्हरवर बनवून पाठवायचा नाही, वर्करवरच बनवायचा, तोही प्रत्येक शब्दाला नाही. इटरेटर प्रकारचा पँडाज यूडीएफ इथे चपखल बसतो: लूपच्या आधी एकदा कोलेटर बनतो, मग बॅचमागून बॅच तोच वापरला जातो.

सगळ्यात समाधान दिलं ते या भागाने: यूडीएफ फक्त सॉर्ट-की (शब्दाची जागा ठरवणारे बाइट्स) काढतो, हेक्स (सोळा-आधारी आकडे) स्ट्रिंगच्या रूपात. हेक्सचा क्रम आणि बाइट्सचा क्रम सारखाच, त्यामुळे प्रत्यक्ष सॉर्टिंग स्पार्क स्वतःच्या नेहमीच्या पद्धतीने करतं. लायब्ररीचं काम एका कॉलमपुरतं, पुढच्या सगळ्या टप्प्यांत तिची गरजच नाही. स्पार्क ४.० मध्ये आयसीयूवर आधारलेलं कोलेशन (भाषेनुसार क्रम लावणं) आतच आलंय, हे माहीत आहे. पण पॅकिंगची ही पद्धत उद्या दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीला उपयोगी पडेल, म्हणून ती नीट बसवून घेतली.

एक गोष्ट आपोआप पदरात पडली. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) देऊन, 'दुसर्‍या'. डोळ्यांना एकच, बाइट्सना वेगळे. एनएफसी या युनिकोडच्या एकरूप करण्याच्या पद्धतीने ते एक होत नाहीत. आयसीयूच्या क्रमात मात्र दोन्ही शेजारी-शेजारी आले, त्यामुळे अशा जोड्या यादीत लगेच नजरेत भरतात. 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' यांचंही तेच: दिसायला एक, कोड दोन. आता मोजणीच्या आधी या जोड्या एकत्र आणणारा छोटा तक्ता लिहितेय. काकांनी त्यासाठी शब्दांचा कागद भरून दिलाय.

रास्पबेरी पाय (आर्म चिपचा छोटा संगणक) चौथा वर्कर म्हणून जोडायचा विचार सध्या बाजूला ठेवलाय. कोंडा-पॅकचा गठ्ठा त्याच आर्किटेक्चरच्या मशीनवर चालतो, आणि आर्काइव्ह तर सगळ्या एक्झिक्युटरना (वर्करवर काम चालवणाऱ्या प्रोसेस) एकच जातो. एक्स८६ (डेस्कटॉपची चिप) आणि आर्म एकाच स्पार्क क्लस्टरमध्ये कुणी नांदवले असतील, तर वर्करवरचा पायथॉनचा पत्ता कसा सांभाळलात ते जरूर कळवा.