स्पितीत गावोगाव पायी: ढंखरकडून कोमिककडे

इंदूरहून हिमाचलातल्या स्पितीला निघणाऱ्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो: मनाली, कुंझुम खिंड, काझा आणि लगेच लांगझाहून ढंखरकडे चालायला सुरुवात. गडबड इथेच होते. इंदूर साधारण ५५० मीटरवर, काझा ३,६५० आणि लांगझा ४,४००च्या घरात. पहिल्याच मुक्कामाला डोकं ठणकतं, जेवण जात नाही आणि अर्धा गट जीपने परततो. रोजचं चालणं सात तासांच्या वर जात नाही, तरी असं होतं, कारण इथे किलोमीटरपेक्षा झोपण्याच्या जागेची उंची मोजावी लागते.

म्हणून सप्टेंबरात आम्ही हीच वाट उलटी धरली. मालवा एक्सप्रेसने अंबाला, पुढे सिमला, कल्पा (२,९५० मीटर), ताबो (३,२८०) आणि ढंखर (३,९००च्या जरा आत). किन्नौरचा रस्ता लांब आहे, पण चढ हळूहळू येतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर दरडी कोसळतात, तेव्हा दोन दिवस राखीव ठेवा. काझाच्या एटीएमवर विसंबू नका, रोकड कल्पाजवळच्या रेकाँग पिओलाच काढा. भारतीयांना ओळखपत्र पुरतं. परदेशी पासपोर्टवाला भाचा सोबत असेल तर त्याचा इनर लाइन परवाना (सीमेलगतच्या भागात जाण्याचा) तिथेच करून घ्या.

ताबोहून काझाच्या बसने शिचलिंगला उतरायचं. तिथून ढंखर रस्त्याने आठेक किलोमीटर. ढंखरला दोन रात्री काढाच. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढू नये आणि ताबो-ढंखर ही उडी त्याहून थोडी मोठी आहे. मधल्या दिवशी वरच्या तळ्यापर्यंत चढून खाली झोपायला या. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून: डायमॉक्स सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर जायचं नाही. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. या वाटेचा मोठा आधार म्हणजे मुक्कामाच्या प्रत्येक गावातून जीपचा रस्ता आहे. म्हणूनच नवख्यांना ती सुचवतो.

ढंखर ते ललुंग चार-पाच तास, विशेष कठीण नाही. खरी मेहनत ललुंग-देमुलची: आधी लिंगती नदीपर्यंत उतार, मग देमुलपर्यंत (सुमारे ४,३००) सरळ अंगावर येणारी चढण. सकाळी सहालाच निघा. दुपारनंतर वारा इतका सुटतो की उघड्या धारेवर चालणं जीवावर येतं. सावली नाही, त्यामुळे माणशी तीन लिटर पाणी. नेहमीच्या दिशेने येणाऱ्यांचे गुडघे याच उतारावर बोलतात, आपल्याला निदान ती चढण आहे. देमुलमध्ये पाहुणे घरोघरी पाळीने वाटतात. आवडीचं घर निवडायचा हट्ट करू नका.

देमुल ते कोमिक हा सगळ्यात लांब टप्पा, सहा-सात तास. माळावर याकांच्या पायवाटा एकमेकींत मिसळतात आणि ढग उतरले की गल्लत होते. इथे गावातला वाटाड्या घ्याच, बाकी टप्प्यांवर गरज वाटली तर. वाटेत पाण्याचा भरवसा नाही.

सॅक सात-आठ किलोच्या वर नको. घरात अंथरूण आणि जेवण मिळतं, म्हणून तंबू-स्टोव्ह लागत नाही. थर्मल, वाराबंद जाकीट, काठ्या, उन्हाचा चष्मा पुरे. शेव मात्र न्या. उंचीवर गोड नकोसं झालं तरी खारं खाल्लं जातं.

तयारीला दीड महिना तरी दर रविवारी भरलेली सॅक घेऊन इंदूरजवळची जानापाव टेकडी लागोपाठ दोनदा चढा-उतरा. नेहरू स्टेडियमच्या सपाट फेऱ्यांनी उताराला लागणारे स्नायू तयार होत नाहीत. अर्थात, या तयारीने दम वाढतो, उंचीचा त्रास टळत नाही.

कोमिकहून काझाला जीप हवी असेल तर आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळेलच असं नाही. पायीच उतरायचं तर हिक्किमहून पायवाट आहे. पण ती घसरड्या मुरमाची, तेव्हा पाय थकलेले असतील तर जीपच बरी.