झोपताना घेतलेल्या व्हिटॅमिन सी च्या गोळीचं काय होतं

मागच्या वर्षी रिपोर्ट आला त्यात माझं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ९ होतं, म्हणजे खूपच कमी. हिमोग्लोबिन त्याच्या आधीपासूनच १० च्या आसपास रेंगाळत होतं, जिना चढला की धाप लागायची, दुपारी तर डोळेच उघडे राहायचे नाहीत. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले जेवणात व्हिटॅमिन सी असू द्या. मी म्हटलं अहो मी दीड वर्षं रोज १००० मिग्रॅची गोळी घेतेय, रात्री झोपताना, एकही दिवस चुकवलेला नाही. तर ते म्हणाले, "झोपताना पोटात लोह असतं का?"

या एका प्रश्नापायी मी महिनाभर वाचत बसले. जे समजलं ते लिहून ठेवते, कारण माझ्यासारखं घेणारे खूप जण आहेत हे मला माहितीये.

धान्य, डाळी, पालेभाज्या यातलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं, आणि आतड्याच्या पेशीवरचं जे दार आहे ना, ते फक्त फेरस लोहालाच आत घेतं. दोघांत फरक एका इलेक्ट्रॉनचा. व्हिटॅमिन सी तो इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, बास, हेच त्याचं मूळ काम, आणि पुढचं जवळपास सगळं यातूनच निघतं. शिवाय ते लोहाला धरूनही ठेवतं. जठरात आम्ल असतं तोवर लोह विरघळलेलं राहतं, पण पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला आम्लपणा कमी झाला की ते गंजासारखं खाली बसायला लागतं, त्यात धान्यडाळींमधलं फायटेट आणि चहाकॉफीतले पॉलिफेनॉल त्याला पकडायला टपलेलेच असतात. व्हिटॅमिन सी आधीच लोहाला जाऊन चिकटलेलं असेल तर यांचं फार चालत नाही. पण त्यासाठी दोघं एकाच वेळी एकाच घासात पोटात असायला हवेत! माझं लोह दुपारी येऊन जायचं आणि व्हिटॅमिन सी रात्री साडेदहाला. (मांसातलं हीम लोह वेगळ्या वाटेने आत जातं, त्याला या मदतीची फारशी गरज नसते.)

आता एक गोष्ट जी मला आधी खटकली आणि मग पटली. लोहाच्या गोळीसोबत व्हिटॅमिन सी ची गोळी घ्यायची पद्धत सगळीकडे आहे, पण २०२० मध्ये चीनमधल्या ॲनिमियाच्या पेशंटवर झालेला एक मोठा अभ्यास आला, अर्ध्यांना नुसतं लोह, अर्ध्यांना लोह अधिक व्हिटॅमिन सी, आणि हिमोग्लोबिन दोन्हीकडे सारखंच वाढलं. विचार केला तर बरोबरच आहे की, नेहमीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये लोह आधीच फेरस असतं आणि तेही भरपूर, मग इलेक्ट्रॉन द्यायचा कोणाला? व्हिटॅमिन सी चा खरा उपयोग ताटातल्या लोहाला आहे असं माझं मत झालंय.

पण आतड्यातलं काम हा सुरुवातीचा भाग झाला, मला जास्त गुंतवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीने. शरीरात कितीतरी एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं) असे आहेत की ज्यांच्या मधोमध लोहाचा एक अणू बसलेला असतो आणि काम करता करता तो अधूनमधून फेरिक होऊन बसतो, म्हणजे एन्झाइम ठप्प. व्हिटॅमिन सी त्याला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावतं. कोलॅजन, म्हणजे त्वचा-हिरड्यांना बांधून ठेवणारं प्रथिन, बनवणारे एन्झाइम याच जातीचे. कोलॅजनच्या तीन दोऱ्यांना घट्ट पीळ बसायला त्यातल्या काही अमिनो ॲसिडवर आधी ऑक्सिजन चढवावा लागतो, तो चढला नाही की पीळ सैल, आणि मग हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा उघडणं, म्हणजेच स्कर्व्ही, व्हिटॅमिन सी च्या कमतरतेचा आजार. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या डॉक्टरने सॅलिस्बरी जहाजावर १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, संत्री-लिंबू मिळालेली जोडी सगळ्यात लवकर उठली. त्याला बिचाऱ्याला लोहाचा अणू, इलेक्ट्रॉन वगैरे काहीच माहीत असणं शक्य नव्हतं, तरी जोड्या करून बघायचं सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि थकवा! स्कर्व्हीत हिरड्यांच्या आधी थकवा येतो. कार्निटिन नावाचा पदार्थ चरबीला पेशीच्या भट्टीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, नेऊन पोचवतो आणि तो तयार करणारे दोन एन्झाइम पुन्हा तेच, लोह आणि व्हिटॅमिन सी वर चालणारे. त्यामुळे थकवा यातूनच येत असावा असं मानलं जातं. डोपामिनपासून नॉरॲड्रेनालिन बनवणारा एन्झाइम मात्र तांब्यावर चालतो, तिथेही इलेक्ट्रॉन देणारं हेच.

सोडियमचं तर माझ्या डोक्यातही नव्हतं. आतड्यातून व्हिटॅमिन सी आत नेणारा वाहक सोडियमच्या जोरावर चालतो, आणि असे वाहक मोजकेच असतात, म्हणून ढीगभर घेतलं तर ढीगभर आत जात नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत मार्क लेव्हिन यांच्या टीमने सात निरोगी तरुणांवर हे नीट मोजलं होतं. २०० मिग्रॅ एका वेळी दिलं तर जवळजवळ सगळं शोषलं गेलं, १२५० दिलं तर निम्म्याहून कमी, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर रोजच्या १०० मिग्रॅलाच भरून गेल्या होत्या. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून साठा साधारण १५०० मिग्रॅ, आणि मी रोज रात्री १००० गिळत होते. उरलेलं बरंचसं आतड्यातच राहतं किंवा लघवीवाटे जातं.

जाताना ते अगदी निरुपद्रवी असतं असंही नाही. व्हिटॅमिन सी चा काही भाग मोडून ऑक्सलेट होतो, ते कॅल्शियमला धरतं आणि किडनीत खडे. स्वीडनमधल्या पुरुषांच्या २०१३ च्या अभ्यासात व्हिटॅमिन सी च्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. ज्यांना आधी खडा होऊन गेलाय त्यांनी मोठ्या डोसच्या वाटेला जाऊच नये, मी हे अगदी कळकळीने सांगतेय. तसंच हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे ज्यांच्या शरीरात लोह आधीच साचतं, त्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, कारण मोकळ्या लोहासोबत हेच इलेक्ट्रॉन देणं उलटं पडू शकतं. आणि शुगर असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, खूप जास्त डोसमुळे काही ग्लुकोमीटर चुकीचं, वाढीव रीडिंग दाखवतात.

मी रात्रीची गोळी बंद केली. आता गॅस बंद केल्यावर, वाढताना डाळीत लिंबू पिळते (शिजताना घातलं तर उष्णतेने बरंचसं व्हिटॅमिन सी जातं), कच्ची सिमला मिरची जेवणासोबतच खाते आणि चहा जेवणानंतर निदान तासाभराने, हे सगळ्यात अवघड गेलं. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते वेगळं करून सांगता येणार नाही, पण चार महिन्यांनी फेरिटिन ३१ आलं आणि दुपारी डोळे मिटायचे थांबलेत.