कॅप्सूलचं कव्हर कशाचं?

व्हर्जिनियात फार्मासिस्ट म्हणून नववं वर्ष चालू आहे, तरी मागच्या जूनमधला तो गुरुवार आठवला की अजून पोटात गोळा येतो. साठीच्या एक बाई आल्या, अंगात ताप, हातात झिपची पिशवी आणि तिच्यात सेलोटेपला चिकटवलेली गोचीड. पाठीवर एकच पांढरा ठिपका, म्हणजे लोन स्टार जातीची मादी. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहिलेलं, ते बरोबरच होतं. मी ट्रेवर कॅप्सूल मोजल्या, बाटलीला लेबल लावलं, पुढे सरकवली तर बाई म्हणाल्या, "याचं कव्हर कशाचं आहे?"

जिलेटिनचं. म्हणजे गाईडुकरांच्या हाडाकातड्याचं. आणि बाईंना अल्फा-गॅलची ॲलर्जी!

आमच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे नुसतं 'रेड मीट' टाकलेलं, औषधाशी मटणाचा काय संबंध म्हणून सिस्टिम गप्प आणि मीही गप्प.

अल्फा-गॅल ही एक साखर, गाय, डुक्कर, बकरी यांच्या अंगात असते, माणसात नसते. ही गोचीड चावली की काहींचं शरीर त्या साखरेवरच उठतं, मग संध्याकाळी बर्गर खाल्ला की मध्यरात्री अंगभर गांधी, घसा सुजतो, कधी जिवावर बेततं. मध्ये दोन ते सहा तास जातात ना, त्यामुळे जेवणावर संशयच येत नाही. चिकन, मासे चालतात. आईला कोल्हापूरला फोनवर सांगितलं तर म्हणे, "म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या आयुष्यभर ओढल्या, आम्हाला नाही काही झालं ते." आता काय बोलणार.

सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने 2023 मध्ये अंदाज दिला की अमेरिकेत साडेचार लाखांपर्यंत लोकांना हे असू शकतं, आणि त्यांच्या सर्व्हेत 42 टक्के डॉक्टर-नर्स मंडळींनी नावच ऐकलेलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी ऐकलंय म्हणून मोकळी झाले असते, तरीही कॅप्सूल मोजल्याच असत्या.

सगळ्यांना जिलेटिनचा त्रास होत नाही, पण या बाईंना एकदा गमीज, म्हणजे जिलेटिनच्या चघळायच्या गोळ्या, खाऊन ॲम्ब्युलन्स बोलवावी लागलेली. मग गोळी शोधली, तर तिच्यात मॅग्नेशियम स्टिअरेट, ते प्राण्याच्या चरबीचं की वनस्पतीचं हे लेबलवर कुठेच नाही. कंपनीला फोन लावून होल्डवर बसले. तोवर बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या अल्फा-गॅलवाल्यांच्या ग्रुपमधल्या एकीला मेसेज टाकला. दर महिन्याला लायब्ररीत भेटतात ही दहाबारा माणसं, कुठली गोळी चालते त्याची वहीच आहे त्यांच्याकडे. दोन मिनिटांत उत्तर, ही चालते. मी अजून होल्डवरच!

त्याच मैत्रिणीला ब्लॅक्सबर्गच्या रेव्हिव्हिकॉर कंपनीकडून गॅलसेफ डुकराचं फ्रोझन मांस फुकट आलेलं. ती साखर बनवणारा जीनच बंद केलेली डुकरं, अन्न-औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने डिसेंबर 2020 मध्ये खायलाही मंजूर केलेली. बाईंनी पाच वर्षांनी सॉसेजचे दोन तुकडे खाल्ले आणि एपिपेन, म्हणजे ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, मांडीवर घेऊन घड्याळाकडे बघत बसल्या. पहाटे तीनपर्यंत काहीच झालं नाही, तेव्हा उठून उरलेलं तळलं आणि उभ्याउभ्या संपवलं.

चाळीस मिनिटांनी कंपनीची बाई बोलली, वनस्पतीचं. मी बाटली बदलली आणि त्यांच्या नोंदीत 'अल्फा-गॅल, जिलेटिन नको' मोठ्या अक्षरात टाकलं. बाई गोळ्या घेऊन गेल्या, गोचीड मात्र काउंटरवरच राहिली.